विद्येचा तिसरा पाद

विद्यार्थ्याने कसे असावे, या प्रश्नाला संस्कृत सुभाषितकारांनी दोन परस्परविरोधी उत्तरे देऊन ठेवली आहेत. पहिले उत्तर शाळांच्या भिंतींवर वर्षानुवर्षे रंगविले गेले. कावळ्यासारखी धडपड, बगळ्यासारखे ध्यान, श्वानासारखी सावध झोप, मोजका आहार आणि घराचा त्याग अशी विद्यार्थ्याची पाच लक्षणे त्यात सांगितली आहेत. दुसरे उत्तर त्या मानाने कमी परिचित आहे. शिष्याला विद्येचा एक पाद आचार्यांकडून लाभतो, दुसरा स्वतःच्या बुद्धीने, तिसरा सहाध्यायांकडून आणि चौथा कालक्रमाने, असा त्याचा आशय आहे. पहिल्या सुभाषितातला विद्यार्थी एकटा आहे; पाण्यात एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्याला सोबती नसतो. दुसऱ्या सुभाषितातल्या विद्यार्थ्याची विद्या मात्र सोबत्यांवाचून पाव हिश्शाने अपुरी राहते. एकाच परंपरेने ही दोन्ही वचने जपली आणि त्यांच्यातला विरोध मिटविण्याची घाई केली नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

हा विरोध आज प्रत्येक महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. घर सोडून शहरात शिकायला निघालेल्या मुलाला वडीलधारी माणसे मित्रांच्या नादी न लागण्याची ताकीद देतात, आणि तीच माणसे पुढे त्याला चार लोकांत मिसळता येत नाही म्हणून हळहळतात. वर्गात पहिला येणारा पुस्तकी किडा ठरतो. स्नेहसंमेलन गाजविणारा वाया गेलेला ठरतो. या दोन दूषणांमधली वाट कोणती, असे विचारले की एक तयार उत्तर मिळते: अभ्यास आणि मित्रमंडळी यांचा तोल सांभाळावा. हे उत्तर इतके निरुपद्रवी आहे की ते तपासून पाहण्याची गरजच सहसा कोणाला वाटत नाही.

'तोल' हा शब्द तराजूतून आला आहे. तराजूत दोन गोष्टी तोलायच्या तर त्या एकाच मापाने मोजता आल्या पाहिजेत आणि एक पारडे जड झाले की दुसरे वर गेले पाहिजे. अभ्यास आणि सहवास यांना ही उपमा लावताना ते माप म्हणून वेळ गृहीत धरला जातो. दिवसाचे तास ठरलेले. मित्रांना दिलेला तास पुस्तकाकडून हिरावलेला. हिशेबाच्या वहीत हे बरोबर दिसते. परंतु तिसऱ्या पादाची कल्पना खरी मानली, तर हा हिशेब मुळातच चुकतो. कारण मग सहवास हा विद्येतून वजा होणारा खर्च राहत नाही, विद्येचाच एक घटक ठरतो. पूर्ण वस्तू एका पारड्यात आणि तिचाच पाव हिस्सा दुसऱ्या पारड्यात घालून तोल साधत नाही.

मध्यम मार्गाचा पुरस्कार करणाऱ्या विचारवंतांनीही हे ओळखले होते. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात सद्गुणाला दोन टोकांमधला मध्य म्हटले. पण हा मध्य गणिती नव्हे, हेही त्याने लगेच स्पष्ट केले. दहा माप अन्न जास्त आणि दोन माप कमी, म्हणून सर्वांना सहा माप द्यावे असे होत नाही. मायलो या नामांकित मल्लाला सहा माप अपुरे पडेल आणि व्यायामाला नुकतीच सुरुवात करणाऱ्याला ते अधिक होईल. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार आणि विहार 'युक्त' असावेत असे सांगितले आहे, तेथेही युक्ततेचे प्रमाण आकड्यात दिलेले नाही. मध्य ज्याचा त्याने शोधायचा असतो. प्रश्न इतकाच, की तो शोधताना कोणत्या गोष्टींचा विचार करायचा. त्याचे उत्तर उपदेशापेक्षा उदाहरणांतून अधिक नीट मिळते.

१८७३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झालेल्या बाळ गंगाधर टिळकांनी पहिले वर्ष जवळजवळ संपूर्णपणे शरीर कमावण्यात घालविले. तालीम, पोहणे, सोबत्यांशी दंगामस्ती यांत ते वर्ष गेले आणि परीक्षेत अपयश आले. टिळकांना त्याचा खेद झाला नाही. पुढच्या आयुष्यातील कष्ट त्या शरीराने सोसले, असे त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. पुढे कायद्याचा अभ्यास करीत असताना याच कॉलेजच्या वसतिगृहात त्यांची गोपाळ गणेश आगरकरांशी गाठ पडली. आगरकर तेव्हा एम. ए. च्या अभ्यासात होते. कॉलेजच्या परिसरातील टेकड्यांवर फिरताना या दोघांच्या ज्या चर्चा झाल्या, त्या कोणत्याही अभ्यासक्रमाचा भाग नव्हत्या. सरकारी नोकरी न धरता शिक्षणाच्या कामाला वाहून घेण्याचा संकल्प त्या चर्चांतून पक्का झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, पुढच्या वर्षी 'केसरी' आणि 'मराठा' निघाले, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. टेकडीवरचे ते तास पुस्तकाकडून हिरावलेले म्हणायचे, तर महाराष्ट्रातील अनेक पुस्तके आणि अनेक वर्ग त्या हिरावलेल्या तासांचे ऋणी आहेत, असे म्हणावे लागेल.

मात्र या कथेचा एक भाग बहुधा सांगितला जात नाही. टिळकांना एक वर्ष तालमीत घालविणे परवडले. वडील वारले असले तरी त्यांनी मागे ठेवलेल्या थोड्याबहुत पुंजीचा आधार होता. आगरकरांच्या मागे असे काहीच नव्हते. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी पुन्हा घालणाऱ्या विद्यार्थ्याला एखादे वर्ष गमावण्याची मुभा नसते. परीक्षा पुन्हा देता येते, तारुण्यातला सहवास पुन्हा मिळत नाही, असे एक आकर्षक वचन तरुणांना ऐकविले जाते. ज्याचे घर आणखी एका वर्षाचे शुल्क, खोलीचे भाडे आणि खाणावळीचा खर्च सोसू शकते, त्याच्यापुरतेच ते खरे आहे. शेत गहाण ठेवून किंवा बहिणीचे लग्न लांबणीवर टाकून ज्याला कॉलेजात धाडले आहे, त्याच्यासाठी परीक्षाही पुन्हा येत नाही. म्हणून चहाच्या टपरीवर न रेंगाळणाऱ्या, सहलीची वर्गणी टाळणाऱ्या, अंगचोरपणे खोलीकडे परतणाऱ्या मुलाला माणूसघाणा ठरविणे हा अन्याय आहे. तो सहवासाला विन्मुख झालेला नसतो. सहवासाची किंमत त्याच्या खिशापेक्षा मोठी असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत हा पेच त्याच्या सर्वांत तीव्र रूपात दिसतो. १९१३ च्या जुलैमध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. जन्मापासून ज्याच्या स्पर्शाला इतरांनी विटाळ मानले, त्या तरुणाला तेथे प्रथमच सर्वांच्या बरोबरीने एका मेजावर बसता आले. सुरुवातीचे काही महिने मित्रमंडळी, खेळ आणि गप्पा यांत गेले, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. त्या महिन्यांना उधळपट्टी म्हणण्याआधी, समानतेची चव पहिल्यांदा चाखणाऱ्या माणसासाठी तो सहवास म्हणजे काय असेल, याचा विचार करायला हवा. पुढे त्यांना ही संधी आपल्या एकट्याची नाही याची जाणीव झाली आणि त्यांनी स्वतःला अभ्यासात गाडून घेतले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले.

येथवरची कथा पहिल्या सुभाषिताला अनुकूल वाटते. विद्यार्थी सावध झाला, मित्र सुटले, विद्या साधली. वस्तुस्थिती तशी नाही. एक तर भारतातील जातिसंस्थेवरचा त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९१६ च्या मे महिन्यात वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात. म्हणजे गुरू आणि सहाध्यायी यांच्या समोर. दुसरे असे, की वसतिगृहात त्यांच्या खोलीत राहणारे नवल भथेना हे त्या दिवसांत जोडलेले मित्र आयुष्यभर मित्र राहिले. १९१७ मध्ये भारतात परतल्यावर बडोद्याला आंबेडकरांना राहायला जागा मिळेना; एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी आसरा घेतला, तेव्हा पारशी मंडळींच्या जमावाने काठ्या घेऊन त्यांना तेथून हुसकावून लावले. त्याच समाजातला हा सहाध्यायी मात्र पाठीशी उभा राहिला. १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा स्वतःची बचत आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या जोडीला भथेनांनी दिलेले कर्ज होते. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाने दिलेल्या डी. एस्‌सी. पदवीत तिसऱ्या पादाचा वाटा असा अगदी शब्दशः मोजता येतो.

या उदाहरणातून एक भेद स्पष्ट होतो. आंबेडकरांनी गर्दी सोडली, मैत्री सोडली नाही. सहवासाचा विस्तार आणि सहवासाची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विद्यार्थ्यावर येणारे बहुतेक संकट त्यांची गल्लत झाल्याने येते. मराठी साहित्यात या गल्लतीचे सर्वांत भेदक चित्रण भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीत आढळते. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहाच्या आणि कॉलेजच्या सार्वजनिक कारभारात उत्साहाने उडी घेतो. तो सर्वांचा होतो, सर्वांसाठी राबतो. हाती येतात ती देणी, वडिलांची नाराजी आणि परीक्षेतले अपयश. ही कादंबरी केवळ उनाडपणाच्या दुष्परिणामांची कथा असती, तर ती एव्हाना विस्मृतीत गेली असती. तिचे मर्म असे, की पांडुरंगभोवती माणसे भरपूर आहेत आणि त्या माणसांत त्याचे एकटेपण कमी होत नाही. तो वेळ वाया घालवितो हे खरे. पण त्याला खरी ठेच लागते ती आपण वापरले गेलो या जाणिवेची. तास मोजणाऱ्या हिशेबाला हे दुःख दिसत नाही.

तेव्हा विद्यार्थ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न 'किती वेळ' हा नसून 'कसला सहवास' हा आहे. ज्या मंडळीत आपले चुकीचे मत कोणीतरी खोडून काढू शकते, ज्यांच्यासमोर 'मला हे समजले नाही' असे म्हणायला संकोच वाटत नाही, ज्यांच्या दुःखाने आपल्या पुस्तकातली एखादी ओळ एकाएकी खरी वाटू लागते, ती मंडळी तिसरा पाद देतात. ज्या मंडळीत टिकून राहण्यासाठी आपले खरे मत आणि आपली खरी परिस्थिती लपवावी लागते, ती कितीही हसतीखेळती असली तरी काहीच देत नाही. सहवास क्रूरही होऊ शकतो. रॅगिंगच्या नावाखाली वसतिगृहांतून जे चालत आले, ते थांबविण्यासाठी महाराष्ट्राला १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाला २००९ मध्ये देशभरासाठी विनियम करावे लागले. एकाच गुरूपाशी शिकणाऱ्यांसाठी संस्कृतात 'सतीर्थ्य' असा सुंदर शब्द आहे. पाणिनीने त्याच्या सिद्धीची व्यवस्था करून ठेवली आहे. एका तीर्थावर पाणी पिणारे एकमेकांना त्याच पाण्यात बुडवू लागले, तर दोष तीर्थाचा नव्हे. पण त्या भयाने किनाऱ्यावर थबकणाऱ्यालाही दोष देता येत नाही.

सहवास हाच शिक्षणाचा विषय होऊ शकतो, हे महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिले आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. वेगवेगळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र राबत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. गावात ज्यांच्या पाणवठ्याच्या वाटा वेगळ्या होत्या, त्यांची ताटे येथे शेजारी आली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. ते चालविण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. त्या मुलांना कोणी अभ्यास आणि समाजजीवन यांचा तोल साधायला सांगितले असते, तर त्यांना या प्रश्नाचा अर्थच कळला नसता. भाकरी थापणे आणि गणित सोडविणे ही एकाच दिवसाची, एकाच शिक्षणाची कामे होती. कोणत्या पुस्तकाने शिकविला नसता असा धडा शेजारच्या ताटाने शिकविला.

आजच्या महाविद्यालयात हे दोन प्रवाह पुन्हा वेगळे पडलेले दिसतात. प्रवेशपरीक्षांच्या तयारीत किशोरवयाची वर्षे संपून जातात, आणि त्या परीक्षांनी शेजारी बसलेल्याला सोबत्याऐवजी स्पर्धक म्हणून पाहायला शिकविलेले असते. हातातल्या मोबाइलने ओळखींची संख्या वाढविली आहे; एका खोलीत बसलेले चौघे चार ठिकाणी असतात. दुसरीकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने समाजसंपर्क आणि सेवा यांनाही श्रेयांकाच्या चौकटीत आणले आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु संस्था तासांची नोंद करू शकते. सोबत्याच्या आजारपणात रात्रभर त्याच्या उशाशी बसलेल्या मुलाच्या त्या रात्रीची नोंद कोणत्या रकान्यात करणार? आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पेपर असेल तर?

हा शेवटचा प्रश्न टाळून चालणार नाही; कारण तोल या शब्दाने जी आश्वासने दिली आहेत, ती तेथे संपतात. काही प्रसंगी दोन कर्तव्ये खरोखरच समोरासमोर उभी राहतात आणि एकाची हानी झाल्याशिवाय दुसरे पार पडत नाही. अशा वेळी कोणताही निर्णय घेतला तरी काहीतरी देणे शिल्लक राहते. नैतिक प्रौढता हे देणे नाकारण्यात नाही, ते मान्य करण्यात आहे. पेपर सोडणाऱ्याने घरच्यांचे देणे मान्य करावे. पेपर देणाऱ्याने मित्राचे. अभ्यासासाठी मित्रांपासून दूर जाणाऱ्याने कारण सांगून दूर जावे, आणि विद्या हाती आल्यावर परत यावे. मित्रांनीही जाणाऱ्याची वाट अडवू नये. जो सहाध्यायी सोबत्याला परीक्षेच्या आदल्या रात्री एकटे सोडू शकत नाही, त्याने तिसरा पाद देण्याऐवजी पहिले दोन हिरावून घेतलेले असतात.

देणे नाकारल्यावर काय होते, याची कथा महाभारताने सांगून ठेवली आहे. द्रोण आणि द्रुपद हे भरद्वाजांच्या आश्रमातले सहाध्यायी. राजा झालेल्या द्रुपदाने दारिद्र्यात पिचलेल्या द्रोणाला मैत्री समानांतच असते असे ऐकविले. द्रोणाने तो अपमान शिष्यांकरवी फेडून घेतला आणि दोन्ही कुळांत वैराचे बीज रुजले. त्यांची विद्या कमी नव्हती. तिसऱ्या पादाचे ऋण एकाने झिडकारले आणि दुसऱ्याने त्याची शस्त्राने वसुली केली.

भागवतातली दुसरी कथा सर्वांच्या ओळखीची आहे, पण तिचा एक तपशील पोह्यांच्या पुरचुंडीमागे झाकून गेला आहे. सांदीपनींच्या आश्रमात कृष्णाने चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला आत्मसात केल्या, असे भागवतकार सांगतात. दिवसाला एक कला, इतका काटेकोर अभ्यास. पुढे बऱ्याच वर्षांनी दरिद्री सुदामा द्वारकेला आला, तेव्हा कृष्णाने त्या चौसष्ट कलांपैकी एकीचीही आठवण काढली नाही. त्याने आठवण काढली ती एका रात्रीची. गुरुपत्नीने सरपण आणायला रानात धाडले होते, अवेळी वादळ-पाऊस आला, अंधारात वाट हरवली, आणि दोघे एकमेकांचा हात धरून रात्रभर रानात भटकत राहिले. पहाटे गुरू स्वतः शोधत आले. त्या रात्री आश्रमात कोणताही पाठ झाला नसेल. पण त्या हाताची ओळख कृष्णाला राजवाड्यात राहिली.